गुरूच्या वाटेवरचा काळा दगड

धनुर्मास लागला की माझ्या चष्म्याच्या दुकानात एकच तक्रार येते. "अम्मा, काच खराब झाली, सगळं धुरकट दिसतं." काच खराब झालेली नसते. पहाटे देवळाला निघालेल्या माणसाच्या चष्म्यावर कावेरीकडून आलेलं धुकं बसतं, तो ते वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, टोकानं पुसतो, आणि वेष्टीला लागलेल्या विभूतीचे बारीक चरे काचेवर उठतात. मी मऊ कापडाचा तुकडा हातात देते आणि सांगते, आधी पाण्यानं धू, मग पूस. अशानं धंदा चालत नाही असं लोक म्हणतात. पंचवीस वर्षं चाललाय.

यंदाही धुकं आलं. दारापुढं ओला सडा, त्यावर पांढरी रांगोळी, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. मिरी आणि तूप घातलेल्या पोंगलच्या खिचडीचा वास जिन्यावरून वर चढतो. देवळाचा कर्णा धुक्यातून येतो तेव्हा तो नेमका कोणत्या बाजूनं येतो ते कळत नाही. सगळ्या गावालाच कुणीतरी हळूहळू जागं करतंय असं वाटतं. चोळपुरमकडून दूध घेऊन येणाऱ्या सायकली दिसायच्या आधी ऐकू येतात. या महिन्यात कुंभकोणममध्ये वस्तूंना कडा नसतात. ज्या बाईचा जन्म कडा स्पष्ट करण्यात गेला तिनं खरं तर या महिन्याला कंटाळायला हवं. मी कंटाळत नाही. मला गेल्या वर्षीचा धनुर्मास आठवतो, आणि आभाळात कुठंतरी चाललेला एक दगड.

तो दगड मी पाहिलेला नाही. माझी लेक मैथिली पुण्याला आकाशाचा अभ्यास करते, तिनंही पाहिलेला नाही. त्याचा रंग कोळशाचा. त्याच्यावर पडलेला उजेड तो जवळजवळ सगळा गिळतो, आणि असतो इतका लांब की चांगल्या दुर्बिणीलासुद्धा तो नुसता एक मळकट ठिपका. पण आहे मोठा; आपला अख्खा जिल्हा त्याच्यावर मावेल. आणि तो चालतो गुरूच्या वाटेवर. म्हणजे आकाशातल्या गुरूच्या, ज्याची पेयर्ची झाली, म्हणजे रास बदलली, की आमच्याकडं लोक गाड्या भरभरून आलंगुडीच्या देवळाला जातात. गुरू सूर्याभोवती बारा वर्षांत एक फेरी मारतो. हा दगडही त्याच वाटेनं, त्याच चालीनं, गुरूच्या दोनेक वर्षं पुढं. कधी थोडा जास्त पुढं जातो, कधी थोडा मागं रेंगाळतो, पण ना गुरू त्याला गाठतो, ना तो वाट सोडतो. असे पुष्कळ आहेत म्हणे, पुढंही आणि मागंही.

हे मैथिलीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरात गोपाळमामा बसले होते. गोपाळमामा म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, शाळेपासूनचे सोबती आणि आमच्या वीथीतल्या पहाटेच्या भजनाचे पुढारी. त्यांनी कॉफीची पितळी वाटी, डबरा, खाली ठेवला.

"गुरूच्या पुढें चालतो? कोणता शिष्य गुरूच्या पुढें चालतो? वाह्यात दिसतो."

"मागें चालणारेहि आहेत म्हणते ती," आप्पा म्हणाले. "तुझ्यासारखे. पुढच्यानें ताल धरला कीं मग तोंड उघडणारे."

आमची माणसं अशी बोलतात. तंजावूरच्या भोसल्यांबरोबर आमचे कुणीतरी इकडं आले आणि राहिले. गाव आम्हाला रायर म्हणतं. दाराबाहेर तमिळ, दाराच्या आत ही जुनी मराठी. मी शिकायला मिरजेला होते, तिथं मुलींनी हसून हसून माझं बोलणं सरळ केलं, म्हणून मला हे असं लिहिता येतं. आप्पांना कुणी हसलं नाही, त्यामुळे त्यांचं तसंच राहिलं. मैथिलीच्या पुण्याच्या मित्रांना ते ऐकून वाटतं की जुन्या बखरीतला कुणी कारकून उठून कॉफी मागतोय. मला त्यात गंमत वाटत नाही आणि दुःखही वाटत नाही. एकाच वाटेवर काही लोक पुढं असतात, काही मागं असतात, आणि दोघं एकाच सूर्याभोवती फिरतात. एवढंच.

महामहम आठवतो. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि आमच्याकडं महामहम. बारा वर्षांतून एकदा एका तळ्यात सगळा देश आंघोळीला उतरतो. मी लहान होते तेव्हाच्या महामहमात मला फक्त माणसांच्या कमरा दिसत होत्या. ओल्या धोतरांचा, कापराचा, चिरडलेल्या झेंडूचा वास. मी आप्पांना विचारत होते, काय दिसतंय, काय चाललंय? त्यांनी उत्तर दिलं नाही. मला उचलून खांद्यावर बसवलं आणि म्हणाले, "मला कां विचारतेस? तूं पाहा." मग एकदम ते तळं. पाणी दिसतच नव्हतं, नुसती डोकी, आणि डोक्यांवर हजारो ओंजळींतून उडणारा उजेड.

मैथिलीनं सांगितल्यावर मला पहिल्यांदा सुचलं, की महामहमाच्या दोनेक वर्षं आधी हा काळा दगडही सिंहेत येऊन जात असणार. दर बारा वर्षांनी. त्या वर्षी तळं रिकामं असतं, पायऱ्यांवर कुणीतरी कपडे वाळत घालतं, शेळ्या बसतात. कुणी आंघोळ करत नाही. तो येतो आणि जातो.

गेल्या धनुर्मासात तो सिंहेत होता. गुरू मागं मिथुनेत, पहाटे पश्चिमेला झगझगत उतरत असलेला. आणि हा वर, अंधारात, मघा नक्षत्राच्या अलीकडच्या एका बारक्या ताऱ्याकडं सरकत चाललेला. एका पहाटे तो त्या ताऱ्याच्या बरोबर पुढून जाणार होता. तेवढे काही क्षण तारा विझणार, आणि पुन्हा लागणार. जो दिसत नाही तो असा ओळखायचा: तो काय झाकतो त्यावरून. त्याची सावली आपल्या मुलखावरून जाणार होती, पण सावलीची कड नेमकी कुठून जाईल ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मैथिली मित्रांना घेऊन आली. ती स्वतः उत्तरेला चोळपुरमच्या शेतात बसणार, मित्र दक्षिणेला मरुदानल्लूरला, आणि मधली दुर्बीण आमच्या गच्चीवर, माझ्या ताब्यात. जिथं तारा गेला आणि जिथं नाही गेला, त्या दोन जागांच्या मध्ये कड. "अम्मा, नाही गेला तरी ते तितकंच कामाचं," तिनं मला बजावलं. "फक्त खरं पाहिजे."

आणि आप्पा म्हणाले, "मीहि पाहणार."

आप्पांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. दोन्ही डोळ्यांत. याला चष्मा नाही. मी दुसऱ्यांना जे सांगते तेच मला घरी सांगावं लागलं. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं होतं. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं तर त्यांना माझे कान दिसतात, केस दिसतात, मधे एक काळपट डाग. तो डाग नजरेबरोबर फिरतो. ते डावीकडं वळले की तो डावीकडं, वर बघितलं की वर. सुरुवातीला ते चेष्टा करायचे. "तुझें नाक कोठें ठेवून आलीस?" नंतर चेष्टा थांबली.

मैथिली चांगली मुलगी आहे, पण घाईत असते. "आजोबा, मी कॅमेऱ्यात घेतेच आहे. मागून मोठं करून दाखवीन. आणि त्या वेळी अम्मा शेजारी बसून सांगेल की."

"सांगेल," आप्पा म्हणाले. "सगळे सांगतात. दारांत कोण आलें, सांगतात. पानांत काय वाढलें, सांगतात. काल चंद्र कसा होता, तेंहि सांगितलें. मी काय रेडिओ ऐकायला बसलों आहें इथें?"

"तसं नाही आजोबा. तुम्ही चाचपडलात आणि दुर्बीण हलली तर सगळं फुकट जाईल."

"मग माझे हात बांध."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर जी छोटी बांधली आहे तिच्यात डोळा घालायची सोय आहे ना? मग बसू देत. मी शिकवते.

हे शिकवणं माझ्या कामातलंच आहे. ज्यांची मधली नजर गेली त्यांना आम्ही कडेनं बघायला शिकवतो. घड्याळात बारा बघायचे असतील तर दोनाकडं बघायचं. माणसाचं तोंड बघायचं असेल तर त्याच्या कानाकडं बघायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण, कारण डोळ्याची जन्माची सवय सरळ बघायची. मैथिली हसून म्हणाली की आकाश बघणारेही फिके तारे असेच बघतात, तिरकं, ताऱ्याच्या शेजारी. तर मग आप्पांना त्यांच्या विद्येत प्रवेश मिळाला असं समजायचं.

त्या पहाटा आता एकात एक मिसळल्यात. गच्चीवर शाल, मफलर, दव पडून भिजलेली चटई. काचेवर दव बसू नये म्हणून मी केस वाळवायचं यंत्र वर आणलेलं. त्याची ऊब आप्पा हातावर घ्यायचे. नारळांच्या शेंड्यांवर धुकं टेकलेलं. आधी गुरू, मग मघा, मग तो बारका तारा. आप्पा स्टुलावर, हात मागं, बोटांत उपरण्याची गाठ धरलेली.

"दिसला. मोहरीहून बारीक," ते म्हणायचे. मग थोड्या वेळानं, "गेला!"

"गेला नाही आप्पा. तुम्ही सरळ बघितलंत."

"हात्तिच्या."

पुन्हा कडेला. पुन्हा दिसला. पुन्हा "गेला!" दर वेळी तारा जागेवर, आणि डोळा सवयीनं मधे सरकलेला, आप्पांचा स्वतःचा काळा दगड ताऱ्यापुढं आलेला. एकदा मी चिडून म्हटलं, "तारा नाही गेला, तुम्ही गेलात." ते इतके हसले की दुर्बीण हलली.

पण मला काळजी लागली ती तिथंच. त्या पहाटे ते "गेला" म्हणतील, आणि तो गेलेला असेल की नसेल? नसेल, आणि त्यांनी म्हटलं, तर त्यानंतर ते कुठल्याच गोष्टीला "मी पाहिलं" म्हणणार नाहीत. मी त्यांना ओळखते. मग उरलेलं आयुष्य लोकांनी सांगायचं आणि त्यांनी मान डोलवायची.

इकडं गोपाळमामांनी वीथीभर सांगून टाकलं की ग्रहण आहे. तारा झाकतो म्हणजे ग्रहणच, त्यात काय विचारायचं? माझ्या दुकानात दोन बायका ग्रहणाचा काळा चष्मा मागायला आल्या. मी सांगितलं, हे ग्रहण काळ्या चष्म्यानं तर राहूच द्या, चांगल्या डोळ्यांनीही दिसणार नाही. त्यांना ते फारच भयंकर ग्रहण वाटलं. समोरच्या घरात दुधावर आणि लोणच्यावर दर्भाच्या काड्या पडल्या. पोंगल आधी करायचं की मोक्षानंतर, यावर नळाजवळ दोन पक्ष झाले.

आदल्या संध्याकाळी गोपाळमामा आमच्याकडं गंभीर तोंडानं आले.

"तारा कोठला म्हणालीस, मैथिली? मघाजवळचा?"

"हो मामा, अगदी जवळचा."

"मग झालें. अरे, तुझें जन्मनक्षत्र मघा," ते आप्पांना म्हणाले. "ज्याच्या नक्षत्रीं ग्रहण, त्यानें पाहूं नये. लहानपणीं तुझी आई तुला कोठींत कोंडून ठेवी, आठवतें कां?"

"आठवतें. डोळे चांगले होते तेव्हा कोठींत बसलों. अत्ता पाहतों."

"कांहीं झालें तर?"

"डोळ्यांना? आणखी काय व्हायचें आहे रे गोपाळा?"

मामांनी बगलेतून ताडाच्या पानाची एक पट्टी काढली. आमच्याकडं ज्याला ग्रहण बाधतं त्याच्या कपाळाला ती बांधतात. "निदान हें तरी बांध. माझ्यासाठीं."

आप्पांनी कपाळ पुढं केलं. मी एवढंच म्हटलं, की गाठ जरा खाली घ्या, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड डोळ्यात येणार नाही. पट्टी खरंच उपयोगी पडली. मैथिलीनंही तिचा फोटो काढून घेतला, आणि तिच्या गाडीची वेळ झाली म्हणून चोळपुरमला निघून गेली.

कधी कधी मला वाटतं, त्या पहाटेला सुरुवात आणि शेवट असा नव्हताच. धुकं नेमकं खाली राहिलं होतं, गच्चीच्या कठड्याएवढ्या उंचीवर, आणि आम्ही त्याच्या वर, एखाद्या होडीत बसल्यासारखे. वर आभाळ धुतलेलं. गुरू पश्चिमेला इतका तेजस्वी की टाकीतल्या पाण्यात त्याचा ठिपका पडला होता. त्याच्या पुढं दूरवर, त्याच वाटेवर, काही नाही. ते काही नाही म्हणजेच तो. मी हिशेबी बाई आहे. पण त्या वेळी मला तो येतोय असं अंगावर जाणवलं, जसं अंधाऱ्या खोलीत कुणी आलं की जाणवतं. आवाज नाही, वारा नाही, नुसती एक जागा भरते.

खालून चिपळ्यांचा आवाज आला. वीथीतून फिरणारं भजन ग्रहण म्हणून आमच्याच दाराशी थांबलं. ग्रहणात नाम घ्यावं म्हणतात. भजनवाल्यांना दिव्यावर टॉवेल टाकायला मी आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी तो टाकलाही होता. धुक्याखालून फक्त सूर वर येत होते. गोपाळमामा भजन दुसऱ्याच्या हवाली करून वर आले आणि आप्पांच्या मागं उभे राहिले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी ओढायचा एक सूर असतो. आप्पांनी तो जन्मभर ओढला. त्या पहाटे त्यांनी तोंड उघडलं नाही. हात मागं, कपाळाला पट्टी, डोळा काचेला.

मी मोठ्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत होते. त्यावर तो तारा, पांढरा कण, तापलेल्या तव्यावर थेंब थरथरावा तसा. मैथिलीनं सांगितलेली वेळ आली. कण थरथरत राहिला. वेळ झाली. कण तिथंच. फिका होतोय का? नाही. सावली आमच्यावरून गेली नव्हती. तारा गेलाच नव्हता.

आणि आप्पांनी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

"गेला कां?" मामांनी हळूच विचारलं.

आप्पांनी मागं धरलेली उपरण्याची गाठ आवळली.

"अरे, गेला कां? खालीं आरती थांबली आहे."

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. मला "नाही" म्हणता येत होतं; एक शब्द. पण मी म्हटलं असतं तर तो माझा झाला असता. मी ओठ घट्ट मिटले. मला दिसत होतं की त्यांच्या मानेची शीर ताणली आहे, डोळा मधे यायला धडपडतोय आणि ते त्याला कडेला धरून आहेत, जसा खोडकर बैल धुरेला धरावा.

"इतक्या थंडींत बसलास," मामा कळवळून म्हणाले. "गेला म्हण कीं एकदां. मुलगी इतक्या लांबून आली आहे."

"नाहीं गेला," आप्पा म्हणाले.

खाली सूर ओढला गेला आणि विरला.

"हालतो थोडा. पण आहे."

माझा फोन वाजला. चोळपुरमच्या शेतातून मैथिली ओरडत होती, मागं कुत्रं भुंकत होतं. "अम्मा! गेला! एकदम विझला, आणि मग परत लागला! तुमच्याकडं? तुमच्याकडं कधी गेला?"

मी फोन आप्पांच्या कानाला लावला. त्यांनी डोळा काचेवरून काढला नाही.

"अमच्याकडे नाहीं गेला, बाळे."

पलीकडं क्षणभर नुसतं कुत्रं. मग ती, जपून, "आजोबा, नक्की? मधे डोळा सरळ तर नाही ना झाला?"

"नाहीं झाला," आप्पा म्हणाले. "मी पाहत होतों."